यादीचा क्रम कोण ठरवतो?
विखुरलेल्या माहितीसाठ्यातील उतरंडीची माहिती आणि क्रमवारीचा नियम

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य ह्यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय संगणकाचा असला तरी तो केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. शासनाच्या कारभारात यादी नाही असे एकही काम सापडणार नाही. लाभार्थ्यांची यादी, शिष्यवृत्तीची यादी, प्रलंबित अर्जांची यादी, थकबाकीदारांची यादी, सेवाज्येष्ठतेची यादी अशा कितीतरी याद्या आपल्या हाताखालून रोज जातात. यादीत कोणाची नावे आहेत हे आपण काळजीपूर्वक पाहतो. नावे कोणत्या क्रमाने आली आहेत आणि तो क्रम कोणी ठरवला, ह्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक निधी पन्नास घरांपुरताच असेल, तर पन्नासावे नाव आणि एकावन्नावे नाव ह्यांच्यामधील रेषा ही केवळ क्रमाने आखलेली असते. त्या रेषेच्या अलीकडे घर असते आणि पलीकडे प्रतीक्षा असते. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडावा असे मला वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. क्रम हा माहितीच्या अंगी नसतो आणि यंत्राच्याही अंगी नसतो. तो विचारलेल्या प्रश्नात असतो. प्रश्नात आपण क्रम स्पष्टपणे घातला नाही, तर यंत्र स्वतःच्या सोयीचा क्रम देते. त्या सोयीला न्याय-अन्यायाची जाण नसते.

बांधलेल्या वहीकडून संगणकाकडे

जुन्या दप्तरात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आवक नोंदवहीची पाने शिवलेली असत आणि ओळी एकाखाली एक लिहिल्या जात. जो अर्ज आधी आला तो वर, नंतर आला तो खाली. क्रम वहीच्या बांधणीतच होता. वही उघडली की तो डोळ्यांसमोर येई आणि तो बदलावयाचा तर नवीन वही लिहून काढावी लागे.

आरंभीच्या संगणकीय माहितीसाठ्यांची रचना पुष्कळशी अशीच होती. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेतील यानांच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आयबीएम कंपनीने आयएमएस नावाची व्यवस्था उभारली व ती १९६८ साली वापरात आली. तिच्यात मुख्य नोंदीखाली पोटनोंदी, पोटनोंदींखाली त्यांच्या पोटनोंदी अशी उतरंड रचलेली असे आणि प्रत्येक पायरीवर नोंदी ठरावीक क्रमाने ठेवलेल्या असत. माहिती जशी साठवली, तशीच ती मिळे.

१९७० साली त्याच कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड ह्यांनी एक मूलगामी विचार मांडला. माहिती कोणत्या क्रमाने साठवली आहे ह्यावर तिचा वापर अवलंबून राहू नये, असे त्यांनी प्रतिपादन केले. नोंदींचा समूह म्हणजे केवळ एक संच; संचात पहिले-दुसरे असे काही नसते. ज्याला क्रम हवा त्याने तो मागावा. ह्याच विचारातून पुढे एसक्यूएल ही पृच्छाभाषा रूढ झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. ह्या भाषेत क्रम मागण्यासाठी 'ऑर्डर बाय' हे शब्द आहेत. ते न लिहिता विचारलेल्या पृच्छेचे उत्तर कोणत्याही क्रमाने येऊ शकते आणि तशी मुभा यंत्राला नियमानेच दिलेली आहे.

येथे फसगत होते ती अशी. लहान साठ्यावर, एकाच यंत्रावर, क्रम न मागताही नोंदी बहुधा ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने परत येतात. महिनोन् महिने तसे घडले की कर्मचाऱ्यास तो नियमच वाटू लागतो. पुढे साठा वाढतो, तो अनेक यंत्रांवर विभागला जातो आणि एके दिवशी यादी वेगळ्या क्रमाने येते. यंत्र बिघडलेले नसते. पूर्वीचा क्रम हा योगायोग होता, एवढेच त्या दिवशी कळते.

उतरंडीत क्रमाचे तीन प्रश्न

आता उतरंडीच्या माहितीकडे वळू. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर गावाच्या नोंदीत कुटुंबे असतात, कुटुंबाच्या नोंदीत व्यक्ती असतात आणि त्या कुटुंबाने केलेले अर्जही असतात. मडक्यांची उतरंड जशी एकावर एक, तशी ही माहिती एकीच्या पोटात एक. संगणकाच्या परिभाषेत हिला 'नेस्टेड' माहिती म्हणतात.

साध्या यादीत क्रमाचा प्रश्न एकच असतो. उतरंडीत तो तीन ठिकाणी विचारावा लागतो. पहिला प्रश्न, कुटुंबे कोणत्या क्रमाने यावीत? दुसरा, प्रत्येक कुटुंबातील अर्ज कोणत्या क्रमाने यावेत? आणि तिसरा, अर्जांच्या तारखांवरून कुटुंबांचा क्रम लावावयाचा असेल, तर एका कुटुंबाच्या अनेक अर्जांपैकी कोणता अर्ज त्या कुटुंबाच्या वतीने उभा राहणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप मिळाले, असे समजू नये. मोंगोडीबी ह्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेटाबेसमध्ये नोंदींचा क्रम मागितला तरी नोंदीच्या पोटातील यादी जशी साठवली असेल तशीच हाती येते. तिचा क्रम निराळा मागावा लागतो. इलॅस्टिकसर्च ह्या २०१० सालापासून वापरात असलेल्या शोधव्यवस्थेत पोटातील जुळणाऱ्या नोंदी स्वतंत्रपणे मागविता येतात. त्यांची संख्या न सांगितल्यास मात्र प्रत्येक मुख्य नोंदीमागे तीनच पोटनोंदी परत येतात. ज्या कुटुंबाचे पाच अर्ज आहेत त्याचे दोन अर्ज कागदावर दिसणारच नाहीत. कोणते दोन, हे पुन्हा क्रमावरच अवलंबून.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तो उदाहरणाने पाहू. समजा, एका गावात तीन कुटुंबे आहेत. 'अ' कुटुंबाचे दोन अर्ज आहेत, एक २०१९ चा व एक २०२४ चा. 'ब' कुटुंबाचा एकच अर्ज २०२१ चा. 'क' कुटुंबाचे दोन अर्ज, २०२० चा व २०२२ चा. अर्जाच्या वर्षानुसार चढत्या क्रमाने कुटुंबांची यादी मागितली, तर वर सांगितलेल्या दोन्ही व्यवस्था प्रत्येक कुटुंबाचा सर्वांत जुना अर्ज विचारात घेतात. म्हणून क्रम लागतो अ, क, ब. आता उतरत्या क्रमाने मागा. आता त्या प्रत्येक कुटुंबाचा सर्वांत नवा अर्ज विचारात घेतात; २०२४, २०२२, २०२१. क्रम पुन्हा अ, क, ब हाच!

चढता आणि उतरता, दोन्ही क्रमांत यादी तीच आली. उतरता क्रम म्हणजे चढती यादी खालून वर वाचणे, अशी आपली सर्वांची समजूत असते. साध्या यादीत ती खरी आहे. उतरंडीत ती खरी राहीलच असे नाही, कारण क्रमाची दिशा बदलली की कुटुंबाच्या वतीने उभा राहणारा अर्जही बदलतो. इलॅस्टिकसर्चमध्ये ही निवड आपल्याला करता येते; सर्वांत लहान मूल्य, सर्वांत मोठे मूल्य, बेरीज, सरासरी किंवा मध्यमूल्य ह्यांपैकी काय धरावयाचे हे पृच्छेत लिहिता येते. न लिहिल्यास चढत्या क्रमासाठी लहान व उतरत्यासाठी मोठे मूल्य धरले जाते.

ह्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. समजा, 'अ' कुटुंबाचा २०१९ चा अर्ज केव्हाच निकाली निघाला असून बाकीचे सर्व अर्ज प्रलंबित आहेत. आपण विचारतो, 'ज्यांचा अर्ज प्रलंबित आहे अशी कुटुंबे, सर्वांत जुना अर्ज आधी ह्या क्रमाने द्या.' माणसाला हा प्रश्न एकच वाटतो. यंत्राच्या दृष्टीने त्यात दोन निरनिराळ्या सूचना आहेत. 'प्रलंबित' ही अट कुटुंबांची निवड करते. ती क्रम लावतानाही पाळावयाची आहे, हे इलॅस्टिकसर्चसारख्या व्यवस्थेला वेगळे सांगावे लागते. न सांगितल्यास 'अ' कुटुंब आपल्या निकाली निघालेल्या अर्जाच्या जोरावर पहिल्या क्रमांकावर येऊन बसते. अट दोन्ही ठिकाणी लिहिली, तर खरा क्रम मिळतो. 'क' २०२०, 'ब' २०२१ आणि शेवटी 'अ' २०२४. पहिले कुटुंब तिसरे झाले. माहिती तीच आणि यंत्रही तेच. फरक पडला तो पृच्छेतील एका ओळीने.

माहिती विखुरली म्हणजे काय होते

मोठा माहितीसाठा एका यंत्रावर मावत नाही. मावला तरी ते यंत्र बंद पडल्यास सारे काम ठप्प होते. म्हणून तो अनेक यंत्रांवर विभागून ठेवतात आणि प्रत्येक हिश्श्याच्या एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर राखतात. विभागणी कशी करावयाची, हा येथील मूळ निर्णय.

आपल्याला प्रथम सुचेल ती जिल्हावार विभागणी. पण २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक, तर सिंधुदुर्गची साडेआठ लाखांच्या आसपास होती. एका यंत्रावर भार आणि दुसरे रिकामे, असे त्यात होते. म्हणून पुष्कळ व्यवस्थांत नोंदीच्या किल्लीवर एक गणिती क्रिया करून, येणाऱ्या संख्येनुसार नोंद कोणत्या यंत्रावर जावी हे ठरवतात. त्यामुळे भार समान वाटला जातो, पण शेजारशेजारच्या नोंदी दूर फेकल्या जातात. फेसबुक कंपनीत निर्माण होऊन २००८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या कॅसँड्रा ह्या डेटाबेसची रचना अशीच आहे. त्याच्या मूळ कर्त्यांपैकी अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक हे दोघेही भारतीय वंशाचे अभियंते आहेत. कॅसँड्रात एका हिश्श्याच्या आतील नोंदी कोणत्या क्रमाने राहाव्यात हे तक्ता तयार करतानाच ठरवावे लागते, आणि पुढे सर्वसाधारणपणे त्याच क्रमाने किंवा त्याच्या उलट क्रमाने त्या मागता येतात. हिश्श्याहिश्श्यांमधील क्रम मात्र त्या गणिती संख्येचा. माणसाच्या दृष्टीने तो अर्थशून्यच असतो. म्हणून एका गावातील अर्ज तारखेच्या क्रमाने हवे असतील, तर गाव ही विभागणीची किल्ली आणि तारीख ही आतील क्रमाची किल्ली, असे आधीच योजावे लागते.

गूगल कंपनीने २००६ साली वर्णन केलेल्या बिगटेबल ह्या साठ्यात निराळा मार्ग पत्करलेला आहे. तेथे नोंदी किल्लीच्या अक्षरक्रमानेच ठेवतात. एकाच संस्थेची संकेतस्थळे शेजारी यावीत म्हणून त्यांचे पत्ते उलटे करून, म्हणजे मोठा घटक आधी व लहान घटक नंतर असे, लिहिले जातात. आपण जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक असे उतरत जातो, तोच हा मार्ग. शिवाय एकाच नोंदीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत सर्वांत नवी आवृत्ती आधी यावी, असाही क्रम तेथे लावलेला आहे, कारण वाचणाऱ्यास बहुधा तीच हवी असते. कोणता प्रश्न वारंवार विचारला जाणार हे ओळखून साठवणीचा क्रम ठरवणे, हे ह्या दोन्ही उदाहरणांतील शहाणपण आहे.

आता संपूर्ण राज्याची एक यादी हवी असेल तर काय होते ते पाहू. समजा, माहितीचे ३६ हिस्से आहेत आणि राज्यातील सर्वांत जुने ५० अर्ज हवे आहेत. प्रत्येक हिश्श्याने आपापले दोन-दोन अर्ज पाठवून भागणार नाही, कारण ते पन्नासही अर्ज एकाच हिश्श्यात असू शकतात. म्हणून प्रत्येक हिस्सा आपले पहिले ५० पाठवतो, आलेल्या १,८०० अर्जांची मध्यवर्ती यंत्र पुन्हा क्रमवारी लावते आणि त्यांतील ५० आपल्या हाती देते. येथपर्यंत ठीक आहे. पण ह्याच यादीचे दोनशेवे पान मागितले, तर प्रत्येक हिश्श्याला पहिले १०,००० अर्ज पाठवावे लागतात. मध्यवर्ती यंत्राला ३,६०,००० अर्ज चाळून त्यांतील ५० दाखवावे लागतात. म्हणूनच इलॅस्टिकसर्चमध्ये साध्या पानपद्धतीने १०,००० नोंदींच्या पलीकडे जाता येत नाही, अशी मर्यादा मुळातच घातलेली आहे. त्यापुढे जावयाचे असेल, तर 'अमुक नोंदीनंतरच्या नोंदी द्या' अशी खुणेची पद्धत वापरावी लागते.

'प्रत्येक गावातील पहिले तीन अर्ज' आणि 'तालुक्यातील पहिले तीनशे अर्ज' ह्यांतही असाच भेद आहे. शंभर गावांचा तालुका असेल तर दोन्ही याद्यांची लांबी सारखी भरते, पण त्यांचा आशय सर्वस्वी निराळा. पहिलीत प्रत्येक गावाला स्थान आहे. दुसरीत एखाद्या गावाचे नावही नसेल. मर्यादा उतरंडीच्या कोणत्या पायरीवर घातली, हा तांत्रिक तपशील वाटला तरी तो धोरणाचा निर्णय आहे.

बरोबरी आणि रिकामा रकाना

ह्यानंतरची अडचण बरोबरीची. समजा, एका शिबिरात एकाच दिवशी चारशे अर्ज आले. सर्वांची तारीख एक. तारखेच्या क्रमाने यादी मागितली तर ह्या चारशेंमध्ये आधी कोण, नंतर कोण? प्रश्नात त्याचे उत्तर नाही, म्हणून यंत्र आपल्या सोयीने देते. विखुरलेल्या साठ्यात त्याच हिश्श्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर असतात आणि समान तारखांच्या नोंदी त्या दोन प्रतींत निरनिराळ्या क्रमाने असू शकतात. पहिल्या पानाचे उत्तर एका प्रतीने दिले आणि दुसऱ्या पानाचे दुसऱ्या प्रतीने, तर एखादे नाव दोन्ही पानांवर येते आणि एखादे नाव कोणत्याच पानावर येत नाही. दोनदा आलेले नाव लक्षात येते. न आलेले नाव कोणाच्या लक्षात येणार? ज्याचे नाव गळले तो माणूस मात्र कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो, आणि त्याचा अर्ज साठ्यात सुखरूप असतो.

ह्यावरील उपाय सोपा आहे. क्रमाच्या शेवटी नेहमी एक असे मूल्य घालावे की जे दोन नोंदींत कधीही समान असणार नाही. उदाहरणार्थ, अर्जाचा नोंदणी क्रमांक. आधी तारीख, तारीख समान असल्यास नोंदणी क्रमांक, असे लिहिले की क्रम पक्का झाला. मग उत्तर कोणतीही प्रत देवो. यादी पानापानाने काढताना मधल्या काळात नव्या नोंदी येत असतील, तर विशिष्ट क्षणीचा साठा गोठवून त्यावरूनच सर्व पाने काढण्याची सोयही वापरावी.

पण बरोबरी सोडवण्यासाठी कोणते मूल्य घ्यावयाचे, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. आडनावाच्या अक्षरक्रमाने बरोबरी सोडवली, तर काही आडनावे प्रत्येक यादीत वर आणि काही प्रत्येक यादीत खाली राहतील. क्रम पक्का असेल, न्याय्य नसेल. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात सोडत काढली जाते, ती ह्याच विचाराने. जेथे एकास दुसऱ्याहून अधिक हक्क नाही, तेथे नशिबाने ठरलेला क्रमच अधिक न्याय्य. मात्र सोडतीत निघालेला क्रमांक नोंदीत लिहून ठेवावा, म्हणजे यादी कितीही वेळा काढली तरी ती तीच येईल.

रिकाम्या रकान्याचेही असेच आहे. एखाद्या अर्जावर तारीखच नसेल, तर तो यादीच्या आरंभी यावा की शेवटी? मोंगोडीबी चढत्या क्रमात रिकामी नोंद आधी ठेवतो. इलॅस्टिकसर्च, वेगळे न सांगितल्यास, शेवटी ठेवते. पोस्टग्रेस व मायएसक्यूएल ह्या बहुप्रचलित डेटाबेसांतही परस्परविरुद्ध रीती आहेत. चढत्या क्रमात पहिला रिकाम्या नोंदी शेवटी ठेवतो, दुसरा आधी. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर माहिती हलवली की अशी माणसे यादीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. तारीख लिहावयाची राहिली ती कारकुनाच्या हातून, आणि परिणाम भोगावा लागतो अर्जदाराला. म्हणून रिकाम्या नोंदींची वेगळी यादी काढून ती आधी पूर्ण करून घेणे, हाच चांगला प्रघात होय.

अक्षरांचा आणि अंकांचा क्रम

शिक्षक बंधू-भगिनींना विशेष रुचेल असा एक मुद्दा येथे सांगतो. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि वेगळे न सांगितल्यास पुष्कळ व्यवस्था त्या क्रमांकांनुसारच शब्द लावतात. युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीत देवनागरीतील 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या पाठोपाठ आणि 'व' च्या आधी येतो. आपण शाळेत 'ळ' हा 'ह' नंतर शिकवतो. त्यामुळे तालुक्यांची यादी काढली असता यंत्र कळवण आधी व कवठे महांकाळ नंतर लावते. आपल्या वर्णक्रमाने कवठे महांकाळ आधी यावयास हवे. 'क्ष' हा यंत्राच्या दृष्टीने 'क' ला जोडलेला 'ष' आहे, म्हणून तो 'ख' च्या आधीच येऊन जातो. 'ॲ' ह्या अक्षराला फार पुढचा क्रमांक मिळाला असल्यामुळे ते 'ह' च्याही नंतर येते. आणि कोणी तेच अक्षर 'अ' वर चंद्र देऊन दोन खुणांनी लिहिले, तर दिसावयास सारखा असलेला शब्द यादीत दुसऱ्याच ठिकाणी जातो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमाला प्रमाणित केली आहे. यंत्राला मराठीचा क्रम वापरावयास सांगणे शक्य आहे, पण ते सांगावे लागते.

अंकांची गोष्ट पंचायत सदस्यांच्या रोजच्या अनुभवातील आहे. गट क्रमांक मजकूर म्हणून साठवले असतील, तर यंत्र त्यांचा क्रम १, १०, ११, २ असा लावते, कारण ते डावीकडून एकेक चिन्ह पाहते. पोटहिश्श्यांचेही तसेच, १२३/१ नंतर १२३/१०, आणि त्यानंतर १२३/२. गट आणि पोटहिस्सा हीदेखील एक लहानशी उतरंडच आहे. दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या रकान्यांत, संख्या म्हणून, साठवल्या की हा घोळ राहत नाही.

आपण काय करावे

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, कोणत्याही संगणकीय यादीचा आदेश देताना पाच गोष्टी लेखी स्वरूपात द्याव्यात. उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर क्रम कोणता. पोटनोंदींवरून मुख्य नोंदीचा क्रम लावावयाचा असल्यास कोणती पोटनोंद धरावी व ती निवडताना कोणती अट पाळावी. बरोबरी कशाने सोडवावी. रिकाम्या नोंदींचे काय करावे. आणि संख्येची मर्यादा कोणत्या पायरीवर घालावी. ह्या पाच ओळी लिहिण्यास अर्धे पान पुरते. त्या न लिहिल्यास तेच पाच निर्णय आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ घेतो, किंवा कोणीच घेत नाही आणि यंत्राची रीत हाच निर्णय ठरतो. तंत्रज्ञाला दोष देऊन उपयोग नाही. जो नियम त्याला सांगितलाच नाही, तो त्याने पाळावा कसा?

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. विद्यार्थ्यांना चार-पाच गटांत बसवावे, प्रत्येक गटाकडे काही चिठ्ठ्या द्याव्यात आणि सर्व वर्गातील पहिली पाच नावे तारखेच्या क्रमाने काढावयास सांगावीत. काही चिठ्ठ्यांवर मुद्दाम तारीख समान ठेवावी, एखाद्या चिठ्ठीवर ती लिहूच नये. नियम न सांगता एकदा आणि सांगून एकदा, असे दोनदा करावे. विखुरलेल्या माहितीसाठ्याचे मर्म मुलांना अर्ध्या तासात उमगेल.

आणि पंचायत सदस्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, ग्रामसभेत यादी वाचली जाईल तेव्हा 'माझे नाव आहे का' ह्या प्रश्नाबरोबर 'हा क्रम कोणत्या नियमाने लावला' हा प्रश्नही विचारावा. हा प्रश्न विचारण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. त्याचे उत्तर एका वाक्यात, सर्वांना समजेल अशा मराठीत मिळावयास हवे; आणि यादीच्या शिरोभागी ते छापलेले असेल, तर विचारण्याचीही गरज उरणार नाही. 'संगणकाने यादी अशीच दिली' हे उत्तर कोणीही देऊ नये आणि कोणीही स्वीकारू नये.

आपली माहिती आता एका वहीत मावण्याजोगी राहिलेली नाही. ती अनेक यंत्रांवर विखुरलेली राहील, तिच्या उतरंडी अधिक खोल होतील आणि याद्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार होतील. वहीच्या शिवणीने पूर्वी जो क्रम सांभाळला, तो ह्यापुढे लेखी नियमाने सांभाळावा लागेल. तो नियम ठरवणे हे यंत्राचे काम नाही. ते आपले आहे.